गाडी आता तापत नाही

“हे काय लावलंस रं पुढं? रेडिओ?”

मी उकिडवा बसून पट्टीचे नट आवळत होतो. मान वर केली तर तात्या गॅरेजच्या दारात उभे. तात्या म्हणजे माझे वडील. हातात पान, पण ते अजून तोंडात गेलेलं नव्हतं. म्हणजे काहीतरी पटलेलं नाही.

“रेडिओ न्हवं तात्या, कूलर हाय. तेलाचा.”

“कशाला?”

“कशाला म्हंजे? गाडी तापती म्हणून. दर फेरीला तुम्हीच म्हणता न्हवं, दिनकर थांब, गाडी तापली?”

तात्यांनी पान तोंडात टाकलं आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. “तापंना का. जुनी हाय, तापायचीच. माणूस न्हाई दमत?”

“माणसाला कूलर लावता येत न्हाई. गाडीला येतो.”

शेजारचा बाबालाल लेथ बंद करून हसायला लागला. तात्या हसले नाहीत. जाळीवरून एकदा बोट फिरवलं आणि घरी निघून गेले. मला असा राग आला म्हणता! आठ दिवस खपत होतो त्या कामावर.

याला आता वीस वर्षं झाली. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं एका शटरचं गॅरेज होतं. मी सव्वीस वर्षांचा. हाताला गुण होता आणि डोक्यात हवा होती. गाडी म्हणजे तात्यांची फटफटी, साडेतीनशे सीसीची, माझ्या जन्माच्या आधीची. धड अवजड, इंजिन बिडाचं, आवाज असा की वळणापलीकडच्या माणसाला कळावं कोण येतंय.

तात्यांचा धंदा गिरणीच्या दगडांना टाकी लावायचा. दळून दळून दगड गुळगुळीत होतात, मग छिन्नीनं त्यांना पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. कणकवलीकडच्या गिरण्या त्यांच्याकडं पिढीजात बांधलेल्या होत्या. दर दोन-तीन महिन्यांनी एक फेरी व्हायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी मी चालवायचो आणि ते मागं बसायचे, छिन्न्यांची पिशवी मांडीवर घेऊन. मंगळवारी येतो म्हणून गिरणीवाल्याला सांगितलं असलं, तर अंगात ताप असला तरी मंगळवारीच जाणार. शब्दाच्या बाबतीत माणूस असा कडक की घरच्यांना वैताग.

जायचं ते राधानगरीवरून, फोंडा घाट उतरून. यायचं ते वैभववाडीवरून, करूळचा घाट चढून. ह्यात कधी बदल नाही.

जाताना राधानगरी सोडली की दाजीपूरपर्यंत चढ आहे. तो चढ संपता संपता रस्त्याकडेला एक हॉटेल होतं. हॉटेल कसलं, घराला लागून पत्र्याची छपरी, एक भट्टी आणि दोन बाकडी. समोर जांभळाचं झाड आणि त्याच्याखाली एक मोठा दगड. तिथं आलं की माझ्या खांद्यावर थाप पडायचीच.

“थांब दिनकर. गाडी तापली.”

हॉटेलवाली बाई आवाज ऐकूनच बाहेर आलेली असायची, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. पन्नाशीची, सावळी, बारकी, पण बोलणं फटाकडी.

“आज बी तापली व्हय पाव्हणं?”

“तापली बाई. काय करायचं?”

“बसा मग. गार हुईस्तोवर बसायलाच पायजे. ह्यो पोरगा हाणतो असंल जोरात.”

“हाणतो की. सांगून ऐकतोय कुठं?”

“मावशी, मी चाळीसच्या वर जात न्हाई,” मी म्हणायचो. मी तिला मावशी म्हणायचो.

“गप. मोठ्यास्नी उलटून बोलायचं न्हाई,” म्हणून ती माझ्यापुढं कपबशी ठेवायची.

तात्या छपरीत कधीच बसले नाहीत. झाडाखालच्या दगडावर बसायचे, अगदी रस्त्याला पाय सोडून. एरवी बाहेरचं पाणीसुद्धा न पिणारा माणूस, तिथं नाचणीची भाकरी मागून खायचा. बोलणं काय, तर ह्या वर्षी फणस कसे धरले आणि तुमचा गुडघा आता कसा आहे, बस्स. एकमेकांना अहो-जाहो. पण तेवढ्यावर पाऊण तास जायचा. मी घड्याळ बघून बघून जीव खायचो. मावशीचा नवराही घरात असायचा, पण आमची गाडी आली की तो परसात निघून जायचा. मला वाटायचं, माणूसघाणा असेल.

मधे तात्या उगीच प्लग काढायचे, पुसायचे, परत बसवायचे. पान्यांचं बोचकं ते दर वेळी नव्या कोऱ्या कापडात बांधून आणायचे, काठाच्या, रंगीत. आणि निघताना पाने जुन्या पोत्यात गुंडाळायचे, ते कापड दगडावरच राहायचं.

“तात्या, फडकं राहिलं.”

“राहू दे. पुसायला हुईल त्यांना.”

हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. एकदा नाही, दहा-बारा वेळा तरी. आणि बघून मी काढलं काय, तर गाडीला कूलर पाहिजे!

खरं सांगायचं तर मला तात्यांच्या तोंडून एकदा चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. सगळं उद्यमनगर मला हुशार म्हणायचं, पुण्याहून लोक गाड्या घेऊन यायचे. तात्या कधी “बरं हाय” एवढंसुद्धा म्हणाले नव्हते. कामातली चूक तेवढी दाखवायचे. मी ठरवलं होतं, त्यांच्याच गाडीवर असं काम करायचं की कौतुक करावंच लागेल. दाजीपूरचा चढ न थांबता चढवायचा.

कूलर मी भंगारातून उचलला होता, अपघातात गेलेल्या एका नव्या रेसच्या गाडीचा. छोटी अॅल्युमिनियमची जाळी. इंजिनातलं तेल नळीनं बाहेर येतं, जाळीतून फिरतं, वारा लागून गार होतं आणि परत आत जातं. ऐकायला सोपं, पण जुन्या इंजिनाला तशी सोय नसते. जोड बाबालालनं लेथवर काढून दिले, नळ्या मी ट्रॅक्टरवाल्याकडून आणल्या. कूलरमध्ये तेल जास्तीचं मावतं, तर तेवढं आधी भरून घ्यायचं हेही मी विसरलो नाही.

पण चालू केल्यावर जोडातून तेल पाझरायला लागलं. दोनदा सोडलं, दोनदा आवळलं. तिसऱ्यांदाही तेच. उद्या भाऊबीज, उद्याच निघायचं, आणि खाली थेंब थेंब तेल! मी पाना फेकून दिला.

तात्या बाकड्यावर बसून बघत होते. किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. बऱ्याच वेळानं म्हणाले, “वायसर तापवलास का?”

“अं?”

“तांब्याचा वायसर जुना हाय न्हवं त्यो? लाल करायचा आणि पाण्यात टाकायचा. मऊ झाल्याबिगर जोड धरत न्हाई. लहानपणी दाखवलं होतं तुला.”

मी वायसर चिमट्यात धरून लालबुंद केला, डबड्यात टाकला, चर्र झालं. बसवला. गाडी अर्धा तास चालू ठेवली. एक थेंब नाही.

“चल, आता तापंल कशी बघू!” मी ओरडलोच.

बाबालाल म्हणाला, “दिन्या, न थांबता कणकवली गाठलीस तर मिसळ माझ्याकडनं.”

तात्या उठले, धोतर झटकलं आणि घरी गेले. ते गप्प बसले असते तर जोड दुसऱ्या दिवशी वाटेतच गळला असता. पण कामातली चूक दिसत असताना गप्प बसणं त्यांना जमायचं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी निघालो. दर वर्षी ही फेरी ह्याच दिवशी असायची. आई कुरकुरायची, सणाचं कशाला जाता म्हणून. तात्या म्हणायचे, गिरण्या बंद असतात, काम करायला बरं. तात्यांना बहीण नव्हती, त्यामुळं आमच्याकडं त्या दिवसाचं काही नसायचंच. निदान मला तसंच माहीत होतं.

राधानगरी गेली. चढ लागला. मी मुद्दाम गाडीला जरा ताण दिला, पण काय सांगू, इंजिन सायकलीसारखं गप चढत होतं! मी गाणंच म्हणायला लागलो.

झाड दिसलं तशी खांद्यावर थाप पडली.

“थांब दिनकर.”

“का?”

“तापली असंल.”

“कुठं तापली? हात खाली करून बघा. मगाशीच बघितलंय मी, बोट टिकतंय.”

“तरी पण जरा...”

“तात्या, आठ दिवस मरमर केलीय मी! आज न्हाई थांबायचं.”

मावशी रस्त्याकडेला उभी होती. नवं लुगडं नेसलेली. हातात तांब्या नव्हता, ताट होतं, त्यावर रुमाल झाकलेला. आमचा आवाज ऐकून आधीच येऊन उभी राहिली असणार. मी हॉर्न दिला, हात केला, आणि कूलरकडं बोट दाखवून ओरडलो, “मावशी, आता तापत न्हाई!”

तिनं ताट एका हातावर घेतलं आणि दुसरा हात वर केला. आरशात मला ती तशीच दिसत होती, वळण येईपर्यंत. आरशात तात्यांची पाठमोरी टोपी पण दिसत होती. ते पूर्ण मागं वळून बसले होते. “नीट बसा, तोल जाईल,” असं मी त्यांना दरडावलं.

कणकवलीत गिरणीपुढं गाडी लावली. तात्या खाली उतरले. इंजिनावर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला.

“काम फर्मास झालंय,” ते म्हणाले.

मला आकाश ठेंगणं झालं. बाबालालला बूथवरून फोन केला, मिसळ तयार ठेव म्हणून. संध्याकाळी पाने काढायला बोचकं सोडलं तर कापड तसंच बांधलेलं. हिरवंगार, जरीच्या काठाचं.

“तात्या, ह्या खेपेला फडकं न्हाई विसरला!”

“न्हाई,” म्हणून त्यांनी ते हातातून घेतलं, घडी घातली आणि पिशवीत तळाला ठेवलं.

माघातली फेरी आली. निघायच्या आदल्या दिवशी तात्या म्हणाले, “त्यो कूलर काढून ठेव.”

“का?”

“वजन हुतंय.”

“पाव किलोचं?”

“आवाज येतो.”

“कसला आवाज? तात्या, फर्मास झालंय म्हणाला होता न्हवं? का माझं काम चांगलं झालेलं बघवत न्हाई तुम्हाला?” मी फार बोललो त्या दिवशी. सगळं जुनं काढलं. ते ऐकत राहिले. वाटलं, आता चिडतील, हात उगारतील. पण म्हणाले, “बरं. राहू दे.”

त्या फेरीला मावशी झाडाखालच्या त्याच दगडावर बसली होती. उठली नाही. खांद्यावर थाप पडली नाही. चैत्रातल्या फेरीला ती बाहेर दिसलीच नाही, भट्टीचा धूर तेवढा दिसला. मी दोन्ही वेळा हॉर्न मात्र दिला.

पावसाळ्यात आम्ही जात नसू. दसऱ्यानंतर निघालो. तात्या त्या चार महिन्यांत एकदम उतरले होते. चढ लागला, झाड दिसलं, आणि खांद्यावर थाप पडली. जोरात.

“थांब.”

“तात्या, तापली न्हाई.”

“न्हाई तापली. ठाऊक हाय मला. तरी थांब.”

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मी ब्रेक दाबला.

भट्टी विझलेली होती. बाकडी उलटी घालून ठेवलेली. तात्या दगडावर बसले नाहीत. पिशवीतून काहीतरी काढलं आणि सरळ दाराकडं चालायला लागले. उंबऱ्यापाशी आले आणि थांबले. तेवढ्यात आतून मावशीचा नवरा आला. तात्यांना दारात बघून तो भिंतीला धरून उभा राहिला.

“आलासा?” तो म्हणाला. “श्रावणात गेली ती. कावीळ झाली. पंधरा दिवसांत आटपलं.”

तात्यांच्या हातात ते हिरवं कापड होतं. तेव्हा पहिल्यांदा मला नीट दिसलं. ते फडकं नव्हतं, चोळीचा खण होता. वर्षभर पिशवीच्या तळाशी राहिलेला.

“सांगावा धाडला न्हाई,” नवरा म्हणाला. “तीच नको म्हणाली. म्हणाली, दादाच्या शब्दाला बट्टा लागंल. पडल्या पडल्या रोज विचारायची, फटफटीचा आवाज आला का म्हणून. मी म्हणायचो, पावसाळा हाय, कुठली येती. मग म्हणायची, पावसाळ्यानंतर बी थांबायचा न्हाई आता दादा. कुणीतरी चांगला मिस्त्री भेटलाय त्याला, गाडी तापत न्हाई.”

मी तिथंच उभा होतो. हातात गाडीची किल्ली.

तात्यांनी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. आत भिंतीला तिचा फोटो होता. त्याच्याखाली फळीवर त्यांनी खण ठेवला, आणि पाच वर्षांच्या पोरानं रडावं तसे मोठ्यानं रडले, “हौसे! ए हौसे!” माझ्या उभ्या जन्मात मी हे नाव आमच्या घरात ऐकलं नव्हतं.

मग झाडाखाली दगडावर बसून त्यांनी सांगितलं. मी मागं लागलो म्हणून नाही, आपणहून. हौसा त्यांची पाठची बहीण. ह्या माणसाबरोबर, परजातीतल्या, पळून आली. माझ्या आजोबांनी घरात तिचं सुतक धरलं. मरताना तात्यांचा हात धरून शब्द घेतला. तिचं नाव तोंडात आणायचं नाही आणि आपणहून तिच्या दारात थांबायचं नाही.

“गाडीनं थांबवलं तर माझा काय इलाज?” तात्या म्हणाले. “तेवढी एकच फट होती. तीस वर्षं त्याच्यावर काढली आम्ही. तिला बी ठाऊक, मला बी. एकदा बी भाऊ-बहीण म्हणून बोललो न्हाई.”

“मला तर सांगायचं तात्या! एका शब्दानं सांगितलं असतं तर...”

“नाव घ्यायचं न्हाई असं म्हटलं होतं. कसं सांगू? आज मोडायचा म्हणून आलो होतो. शब्द मोडायला बी उशीर केला.” डोळे पुसून त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तू नको लावून घेऊ. काम तू चांगलंच केलंस. त्यात खोट न्हाई.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

येताना नेहमीप्रमाणं करूळवरून आलो. अर्धा घाट चढल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी गाडी कडेला घेतली. करूळचा घाट म्हणजे दाजीपूरच्या दुप्पट चढ. कूलर नसताना तिथं इंजिनाला हात लावायची सोय नसायची, पाय भाजायचे. आणि तिथं तात्या एकदासुद्धा मला थांब म्हणाले नव्हते. गाडी खरी तापायची ती इथं. मिस्त्री म्हणवतो मी स्वतःला! दहा-बारा फेऱ्या, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

“काय झालं?” तात्यांनी विचारलं.

“काय न्हाई. कूलर काढून टाकतो.”

“आता कशाला?” ते म्हणाले. “चल.”

पुढच्याच वर्षी तात्या गेले. गाडी माझ्याकडं आहे, कूलरसकट. अजून एक थेंब गळत नाही. हौसाआत्याचा नवरा होता तोवर मी भाऊबीजेला खण घेऊन जायचो. तो घ्यायचा आणि फोटोखाली ठेवायचा. मला चहा करून द्यायचा. आत्या म्हणून मी तिला जिवंतपणी एकदाही हाक मारली नाही, ते काही आता भरून यायचं नाही.

हल्ली जुन्या गाड्यांची हौस आलीय. लोक लांबून येतात, म्हणतात, दिनकरभाऊ, गाडी तापते, कूलर लावून द्या. मी लावून देतो. पण आधी विचारतो, गाडी नेमकी कुठं तापते. त्यांना वाटतं, मिस्त्री फार बारकाईनं काम करतो. सगळीकडंच तापते म्हणाले, की मग मी पाना हातात घेतो.